रोजच्या वापराची झूम लेन्स: छोटी लेन्स काय सोडून छोटी होते?

कॅमेऱ्यावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज लेन्सची पाळी. त्यातही एकाच प्रकारची लेन्स बघू. क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत लावून ठेवता येईल आणि तरी खांद्याला फारशी जाणवणार नाही, अशी छोटी झूम.

मला विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. "कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आहे. आता एक चांगली लेन्स घ्यायची आहे. कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, चांगली कशासाठी? यावर समोरचा माणूस जरा गोंधळतो, आणि ते साहजिक आहे. दुकानात आणि जाहिरातीत लेन्स काय काय करते तेवढंच सांगतात. ती काय करत नाही, ते विकत घेतल्यावर कळतं.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात लेन्स काही दरवर्षी घेतली जात नाही. एकदा घेतली की पाच-सात वर्षं तीच. त्या काळात मुलं मोठी होतात, आईवडील थकतात, घरं बदलतात, माणसं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. लेन्स जड म्हणून कपाटात राहिली किंवा घरातल्या उजेडात कमी पडली, तर त्या वर्षांचे फोटो राहून जातात. म्हणून खरेदीच्या आधी अर्धा तास हिशेब करावा, एवढंच माझं मागणं आहे.

आधी आकडे वाचायला शिकू

क्रॉप सेन्सर म्हणजे आपण इथे एपीएस-सी धरू. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्मचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद आणि १५.६ मिमी उंच असतो. कॅननचा त्याहून जरा लहान, सुमारे २२.३ बाय १४.९ मिमी. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. सेन्सर लहान असल्यामुळे त्याच लेन्समधून दृश्याचा लहान तुकडा टिपला जातो. दृश्याची तुलना करायची असेल तर फोकल लेंग्थला दीडने गुणायचं, कॅनन असेल तर १.६ ने.

म्हणजे १८-५० मिमीची लेन्स सोनीच्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर फुल फ्रेमवरच्या २७-७५ मिमी लेन्सएवढं दृश्य दाखवते. १६ मिमी म्हणजे २४, आणि ७० मिमी म्हणजे १०५.

हे आकडे हवेत वाटत असतील तर खिशातला मोबाइल काढा. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा याच मोजमापात २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. म्हणजे मोबाइलचं १एक्स हे आपल्या १६-१७ मिमीजवळचं दृश्य, २एक्स म्हणजे साधारण ३३ मिमी आणि ३एक्स म्हणजे साधारण ५० मिमी. तुम्ही मोबाइलवर १एक्स ते ३एक्स एवढ्यातच वावरत असाल, तर छोट्या झूम लेन्सची रेंज तुम्हाला बऱ्यापैकी पुरेल. सारखं ०.५एक्स दाबत असाल किंवा ५एक्सवर जात असाल, तर ती कमी पडेल.

लेन्स छोटी कशी होते?

लेन्स छोटी व्हायची तर तिला काहीतरी सोडावं लागतं. मुख्यतः चार गोष्टी सुटतात: रेंज, उजेड, स्टॅबिलायझेशन, आणि काचेनेच सगळी दुरुस्ती करण्याचा आग्रह.

आधी एक फायदा बघू, जो क्रॉप सेन्सरवाल्यांना आपोआप मिळतो. लेन्सने सेन्सर झाकेल एवढं वर्तुळ प्रकाशित करायचं असतं. फुल फ्रेमचा कर्ण सुमारे ४३ मिमी, एपीएस-सीचा सुमारे २८ मिमी. वर्तुळ लहान, म्हणून काच लहान. सिग्माचंच उदाहरण घ्या. फुल फ्रेमसाठीची २८-७० मिमी एफ/२.८ ही त्यांची आटोपशीर लेन्स ४७० ग्रॅमची आहे. जवळपास तेवढंच दृश्य दाखवणारी, क्रॉप सेन्सरसाठीची १८-५० मिमी एफ/२.८ सोनी माउंटमध्ये २८५ ग्रॅमची. दोन्हींत एफ/२.८ आहे, त्यामुळे शटर स्पीड आणि आयएसओचा हिशेब तोच राहतो. फक्त मागचं दृश्य धूसर होण्याचं प्रमाण क्रॉप सेन्सरवर कमी.

आता उजेड. एफ-नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले लेन्सच्या तोंडातून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ५० मिमीला एफ/५.६ हवं असेल तर छिद्र सुमारे ९ मिमीचं पुरतं. एफ/२.८ हवं असेल तर ते १८ मिमीचं लागतं. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, उजेडही चौपट. ७० मिमीपर्यंत एफ/२.८ टिकवायचं म्हटलं की छिद्र २५ मिमीवर जातं. त्याभोवतीच्या काचा, नळी, मोटर सगळंच मोठं होतं. किट लेन्स खिशात मावते आणि ७० मिमीपर्यंत एफ/२.८ देणारी लेन्स अर्ध्या किलोची होते, त्याचं मोठं कारण हे.

तिसरी गोष्ट स्टॅबिलायझेशन. लेन्समध्ये हलणारी काच, तिची यंत्रणा आणि सेन्सर बसवायचे तर जागा लागते. ते काढलं की जागा वाचते.

चौथी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. छोट्या लेन्समध्ये कडेच्या सरळ रेषा वाकतात, कोपरे काळवंडतात. पूर्वी हे काच वाढवून सुधारत. आता ते काम बरंचसं कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरवर सोपवलेलं असतं. सोनीच्या १६-५० मिमी किट लेन्समध्ये १६ मिमीला ही दुरुस्ती बरीच मोठी असते. जेपेग काढणाऱ्याला ती दिसतही नाही. रॉ फाइल वापरणाऱ्याने सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल चालू ठेवायचं. कोपरे थोडे ताणले जातात, म्हणून ग्रुप फोटोत टोकाला उभ्या माणसाचा चेहरा किंचित रुंद दिसतो. त्याला जरा आत घ्या.

काट्यावर ठेवून बघू

व्हिडिओत मी लेन्स हातात धरून दाखवल्या होत्या. इथे वजनं लिहून देतो. तुलनेसाठी सोनी ए६४०० धरू. बॅटरी आणि कार्डसकट ती बॉडी ४०३ ग्रॅमची आहे.

• सोनी १६-५० मिमी एफ/३.५-५.६, पहिली आवृत्ती: ११६ ग्रॅम. बॉडीसकट ५१९ ग्रॅम. बंद असताना जेमतेम तीन सेंटिमीटर जाडी. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे. सोडलंय काय? उजेड.

• सिग्मा १८-५० मिमी एफ/२.८: २८५ ग्रॅम. बॉडीसकट ६८८ ग्रॅम. लांबी साडेसात सेंटिमीटरच्या जरा वर. सोडलंय काय? स्टॅबिलायझेशन, आणि रुंद बाजूचे दोन मिलिमीटर.

• सोनी १८-१३५ मिमी एफ/३.५-५.६: ३२५ ग्रॅम. बॉडीसकट ७२८ ग्रॅम. स्टॅबिलायझेशन आहे, रेंज भरपूर. सोडलंय काय? पुन्हा उजेड.

• टॅमरॉन १७-७० मिमी एफ/२.८: ५२५ ग्रॅम. बॉडीसकट ९२८ ग्रॅम. रेंज, उजेड, स्टॅबिलायझेशन तिन्ही आहेत. सोडलंय काय? छोटेपणा. लांबी जवळजवळ बारा सेंटिमीटर.

म्हणजे परिपूर्ण लेन्स यात नाही. टॅमरॉन कागदावर सगळ्यांना हरवते, पण ती लावलेला कॅमेरा किलोच्या घरात जातो. भाजी आणायच्या पिशवीत किंवा ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी तो रोज जाईल का, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे.

इतर कंपन्यांचं चित्रही असंच आहे. निकॉनची झेड डीएक्स १६-५० मिमी किट लेन्स १३५ ग्रॅमची, कॅननची आरएफ-एस १८-४५ मिमी १३० ग्रॅमची. दोन्ही हलक्या, दोन्हींत स्टॅबिलायझेशन, दोन्ही उजेडाला कमी. फुजीफिल्मची १८-५५ मिमी एफ/२.८-४ ही मधली वाट आहे: ३१० ग्रॅम, स्टॅबिलायझेशनसकट, आणि लांबच्या टोकाला एफ/४. एफ/४ म्हणजे एफ/५.६ च्या दुप्पट उजेड, एफ/२.८ च्या निम्मा.

भिंतीची कसोटी

आता दोन मिलिमीटरचा प्रश्न. १६ आणि १८ यांत फरक तो काय, असं वाटतं. हिशेब सोपा आहे: सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. तीन मीटरवरून, म्हणजे दहा फुटी खोलीत भिंतीला पाठ लावून, १८ मिमीमध्ये सुमारे ३.९ मीटर रुंदी मावते. १६ मिमीमध्ये ४.४ मीटर. फरक अर्ध्या मीटरचा. म्हणजे ओळीत एक माणूस जास्त. कॅननवर १८ मिमीला हीच रुंदी ३.७ मीटर होते.

बाहेर हा फरक फारसा छळत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं उंच विमान टिपायचं असेल तर अंगण एवढं प्रशस्त आहे की चार पावलं मागे जाता येतं. तिथल्याच भिंतीवर सरफोजीराजांच्या काळातला, १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. तो टिपायला पुढे जाता येतं. पाय हलवता येतात तिथे १८ मिमी पुरते. फ्लॅटच्या हॉलमध्ये पाठीमागे भिंत असते, आणि भिंत हलत नाही. घरातले मोठे ग्रुप फोटो हा तुमचा मुख्य विषय असेल तर १६ पासून सुरू होणारी लेन्स बघा.

इथेच एक सल्ला ऐकायला मिळतो: "पुढे फुल फ्रेम घ्यायचाय ना, मग आत्ताच २४-७० घेऊन ठेव." क्रॉप सेन्सरवर २४ मिमीमध्ये त्याच तीन मीटरवरून २.९ मीटर मावतात. म्हणजे १६ मिमीच्या तुलनेत तीन माणसं बाहेर. जो कॅमेरा अजून घेतलेलाच नाही त्याच्यासाठी आजचे फोटो अडवून ठेवू नका.

संध्याकाळची कसोटी

घरच्या गणपतीची संध्याकाळची आरती घ्या. मग घर इंदूरला असो, बडोद्याला, हैदराबादला की बेंगळुरूला. एक ट्यूबलाइट, समया, निरांजन आणि टाळ्या वाजवणारी मुलं. समजा एफ/२.८ ला १/१०० शटर स्पीड ठेवून आयएसओ ३२०० येतोय. हे आजचे कॅमेरे निभावून नेतात. तेच किट लेन्स झूम करून एफ/५.६ वर गेलात, तर त्याच शटर स्पीडला आयएसओ १२८०० लागेल. दोन स्टॉपचा फरक. चेहऱ्यावर दाणे दिसायला लागतात, शालूच्या काठाचं बारीक काम पुसट होतं.

इथे कुणी म्हणेल, किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, शटर स्पीड कमी करू. करा, पण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्या मुलाची हालचाल नाही. १/१५ ला देव्हारा स्वच्छ येईल आणि टाळी वाजवणारे हात धुरकट. माणसं टिपायची तर उजेडच लागतो.

देवळाचा मंडप, लेणी, वाड्याची ओसरी यांचा हिशेब उलटा. तिथे काही हलत नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. अशा जागी स्टॅबिलायझेशन जास्त कामाचं. हातात कॅमेरा धरून चालत व्हिडिओ काढणाऱ्यांनाही तेच.

म्हणून सिग्मा घेण्याआधी आपली बॉडी बघा. सोनी ए६७००, फुजीफिल्म एक्स-टी५ आणि एक्स-एस२०, कॅनन आर७ यांच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे लेन्समध्ये नसलं तरी निभतं. सोनी ए६४०० आणि झेडव्ही-ई१०, कॅनन आर१० आणि आर५०, निकॉन झेड५० यांच्या बॉडीत ते नाही. या बॉडींवर फोटोचं काम चालेल, व्हिडिओचं काम अडखळेल.

जाता जाता एक: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि काही एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. तो दोष लेन्सचा नसतो.

जवळून किती?

छोट्या झूमचा एक गुण फारसा बोलला जात नाही. सिग्मा १८-५० मिमी रुंद टोकाला सेन्सरपासून १२.१ सेंटिमीटरवर फोकस करते. म्हणजे लेन्सच्या तोंडापासून जेमतेम तीन सेंटिमीटर. तिथे सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंदीची वस्तू पूर्ण फ्रेम भरते. मोदकाच्या पाकळ्या, आजीच्या नथीचे मोती, जुन्या पत्रावरचं मोडी अक्षर यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही. फक्त एवढ्या जवळ गेल्यावर लेन्सची सावली वस्तूवर पडते, म्हणून खिडकी बाजूला घ्या आणि हुड काढून ठेवा.

आपलेच फोटो मोजा

आता तो अर्धा तास. किट लेन्सने काढलेले शेवटचे चारपाचशे जेपेग फोटो संगणकावर एका फोल्डरमध्ये घ्या. विंडोजमध्ये त्या फोल्डरचा डिटेल्स व्ह्यू लावा, वरच्या कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करा, 'मोअर' मध्ये जाऊन 'फोकल लेंग्थ' आणि 'आयएसओ स्पीड' हे दोन कॉलम निवडा. कॉलमच्या नावावर क्लिक केलं की फोटो त्या क्रमाने लागतात. कोणतंही सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको.

आधी फोकल लेंग्थ बघा. बरेच फोटो मधल्या आकड्यांवर असतील तर रेंज बदलायची गरज नाही. रुंद टोकाला ढीग असेल तर ते फोटो उघडून पाहा. कडेला माणसं किंवा इमारती कापल्या गेल्यात का? असतील तर १६ सोडू नका. ढीग लांबच्या टोकाला असेल आणि नंतर तुम्ही ते फोटो कापून मोठे केले असतील, तर ५० ला संपणारी लेन्स तुम्हाला पुन्हा अपुरी पडणार. टॅमरॉन १७-७० किंवा १८-१३५ सारखी लेन्स बघा.

मग आयएसओ. माझी मोजपट्टी अशी: चौथ्या हिश्शाहून जास्त फोटो ३२०० च्या वर असतील, तर तुम्ही दिवे लागल्यावर फोटो काढणारे आहात. एफ/२.८ ला पैसे द्या. बहुतेक फोटो ४०० च्या खाली असतील, तर तुम्ही दिवसाउजेडी फिरणारे. तुमच्यासाठी किट लेन्स किंवा १८-१३५ पुरे, आणि वाचलेले पैसे प्रवासाला.

घेताना काय बघायचं

पहिलं, माउंट. सिग्मा १८-५० मिमी २०२१ मध्ये सोनी ई आणि एल माउंटसाठी आली, पुढे फुजीफिल्म एक्ससाठी आणि २०२४ मध्ये कॅनन आरएफसाठी. एका माउंटची लेन्स दुसऱ्यावर बसत नाही. खोक्यावरचं माउंटचं नाव दुकानातच वाचा. निकॉनवाल्यांसाठी निकॉनने २०२५ मध्ये स्वतःची डीएक्स १६-५० मिमी एफ/२.८ व्हीआर जाहीर केली आहे.

दुसरं, बिल. बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळणारी नवी लेन्स अनेकदा परस्पर आयात केलेली असते आणि तिला भारतातली वॉरंटी नसते. जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागा, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

तिसरं, बुरशी. कोकण, गोवा, मुंबई, कोलकाता, केरळ अशा दमट हवेत ही मोठी गोष्ट आहे. वापरलेली लेन्स घेत असाल तर मागचं झाकण काढा, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. झूम पूर्ण फिरवून बघा, कुठे अडखळते का. नवी लेन्सही पावसाळ्यात कातडी बॅगेत बंद ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापर.

माझं मत

घरातली माणसं, सणवार, संध्याकाळच्या गल्ल्या, इंदूरच्या सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली, असं तुमचं जग असेल आणि कॅमेरा रोज बरोबर हवा असेल, तर एफ/२.८ ची छोटी झूम. व्हिडिओ मुख्य असेल आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल, तर वजन पत्करून टॅमरॉन. वर्षातून दोनदा फिरायला जाता आणि तेव्हाच कॅमेरा निघतो, तर १८-१३५. आणि फोटो मोजल्यावर काहीच कमी पडताना दिसलं नाही, तर किट लेन्सच ठेवा. दुकानदाराला वाईट वाटेल, तुम्हाला वाटायचं कारण नाही.

पुढच्या भागात या झूमच्या जोडीला एखादी प्राइम लेन्स घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या फोकल लेंग्थची, ते बघू. तोपर्यंत ते दोन कॉलम लावून ठेवा. त्यातले आकडे पुढच्या भागातही लागणार आहेत.